दंडावरची चकती आणि जेवणानंतरची शतपावली

गेल्या उन्हाळ्यात चौदा दिवस माझ्या डाव्या दंडावर एक पांढरी चकती चिकटलेली होती. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, तीन नाणी एकावर एक ठेवावीत इतकी जाड. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कसली लस घेतलीस रे?" साखर मोजायचं यंत्र आहे म्हटल्यावर म्हणाली, "पण तुला कुठे डायबेटिस आहे?"

नाहीच आहे. पण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी ५.९ आली होती. ५.७ च्या खाली असलं की निर्धास्त, ६.५ ला पोचलं की मधुमेह. मी मधल्या ओसरीवर. वजन बेताचं, पोट थोडं पुढे, बावन्न वर्षांचा बैठ्या कामाचा माणूस. आपल्याकडे असे किती आहेत याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनं दिला: देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि ओसरीवर बसलेले आणखी १३.६ कोटी.

चकतीची रचना साधी आहे. तिच्या पोटातून केसासारखी बारीक, लवचीक तार कातडीखाली जाते. ती रक्तवाहिनीत शिरत नाही, पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यात टेकून राहते. तारेच्या टोकाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेलं असतं. ग्लुकोजशी त्याची गाठ पडली की अगदी क्षीण वीजप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त, प्रवाह जास्त. तो आकडा फोनवर येतो आणि दिवसभराचा आलेख आपोआप निघत राहतो. रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला काही मिनिटं लागतात, म्हणून दिसणारा आकडा नेहमी थोडा शिळा असतो. शिवाय चकती कधीकधी चक्क फसते. चौथ्या रात्री अडीच वाजता फोन किंचाळत उठला: साखर ५८! घाबरून बोट टोचून पाहिलं तर ९४. मी त्या कुशीवर झोपलो होतो, तारेभोवतीची जागा दबली होती, एवढंच.

तर गोष्ट पोह्यांची. रविवारी दोन बशा कांदेपोहे, वर साखरेचा चहा, मग खुर्चीत पेपर. पन्नास मिनिटांत आकडा ११० वरून १८४ वर. पुढच्या गुरुवारी तेच पोहे, त्याच दोन बशा, तोच चहा, फक्त लगेच उठून मंडईत गेलो आणि पिशवी घेऊन चालत परत आलो. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. आकडा १४६ च्या वर गेला नाही.

एका माणसाच्या दोन सकाळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण यामागचं शरीरशास्त्र पक्कं आहे, आणि ते समजलं की दीर्घायुष्याच्या बाजारातल्या निम्म्या गोष्टी आपोआप समजतात.

जेवल्यावर रक्तात आलेली साखर कुठेतरी ठेवावी लागते. सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि स्नायूंत सगळ्यात मोठे मांड्यांचे नि पार्श्वभागाचे. या कोठाराचं पुढचं दार उघडण्याची किल्ली म्हणजे इन्शुलिन. कुलूप गंजलं, की किल्ली फिरवायला जोर लागतो, स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन ओततं आणि एक दिवस थकतं. पण कोठाराला मागचं दारही आहे. स्नायू आकुंचन पावत असताना पेशीच्या आतून ग्लुकोज वाहणारे दूत थेट पृष्ठभागावर येतात, इन्शुलिनची वाट न बघता. म्हणजे मी मंडईत चालत होतो तेव्हा मागचं दार उघडं होतं.

जेवून शंभर पावलं चालायची ही आपली जुनी शतपावली, ती हेच करत होती. शंभरच पावलांनी फार होत नाही, दहा-पंधरा मिनिटं हवीत, पण वेळ बरोबर निवडलेली होती. साखर चढायला लागते तेव्हाच तिला वाट करून द्यायची.

आता प्रश्न असा, की वजन बेताचं असताना माझं कुलूप गंजलं कसं? याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा: २२.३. वजनकाट्याच्या लेखी दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दिसायला बारीक, आतून जाड. हे जन्मापासूनच सुरू होतं, हेही पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. एवढी लहानखुरी बाळं, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली. कमी होते ते स्नायू.

म्हणजे आपलं कोठारच मुळात लहान. म्हणूनच आशियाई लोकांसाठी सावध व्हायचा बीएमआय २५ ऐवजी २३ धरतात, आणि आपल्या डॉक्टरांनी काट्याआधी टेप काढावी. कंबर पुरुषात ९० सेंटिमीटरच्या आणि बाईत ८० च्या आत हवी. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली नेसतो. टेप बेंबीच्या पातळीला.

चकतीबद्दलचं माझं मत एवढंच: मधुमेह असलेल्यांना, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांना, ती वरदान आहे. माझ्यासारख्या ओसरीवरच्याला एकदा पंधरा दिवस लावून आपल्या ताटाची ओळख करून घ्यायला ठीक. त्यापुढे महिनोन्‌महिने लावली तर फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि एकेका चकतीला काही हजार जातात. धडधाकट माणसाची साखरही जेवणानंतर थोडा वेळ १४० ओलांडते. ते पाहून केळं सोडून देणारे लोक मी पाहिलेत. केळ्यानं त्यांचं काय बिघडवलं होतं कुणास ठाऊक.

"चालता-बोलता न्यावं देवानं, कुणाच्या हातचं पाणी प्यायची पाळी येऊ नये." आमच्या आजीचं हे रोजचं मागणं. त्यात शंभर वर्षांचं आयुष्य कुठेच नव्हतं. जगभरातले संशोधक आता हेच जड शब्दांत मांडतात: आयुष्याची लांबी वेगळी आणि निरोगी आयुष्याची लांबी वेगळी, दोन्हींतलं अंतर कमी करायचं. त्या अंतरात जे जातं ते अंथरुणावर आणि दवाखान्यात जातं. म्हणून दीर्घायुष्याच्या नव्या शोधाची बातमी वाचली की मी तिला आजीची फूटपट्टी लावतो. यानं माणूस जास्त दिवस चालता-बोलता राहील का? आणि हे माणसात दिसलंय की उंदरात?

उंदरातल्या यशाची सगळ्यात सुरस कथा एका भारतीय माणसाची आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाचं एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं आणि येताना मातीचे नमुने घेऊन आलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी त्या मातीतल्या जिवाणूपासून एक रसायन वेगळं केलं, बेटावरून नाव ठेवलं रॅपामायसिन. ते बुरशीवर चालत होतं, पण त्याहून काहीतरी मोठं करतं असा सेहगलांना वास आला होता. पुढे कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद करायला काढली, प्रकल्प गुंडाळला. सेहगलांनी त्या जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, अमेरिकेत बदली झाली तेव्हा बरोबर नेला आणि काही वर्षांनी वरिष्ठांचं मन वळवून काम पुन्हा सुरू केलं. १९९९ साली ते औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मंजूर झालं, प्रतिकारशक्तीला लगाम घालायला. सेहगल २००३ मध्ये गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून दाखवलं, की ६०० दिवसांच्या म्हणजे चांगल्याच उतारवयातल्या उंदरांना हे औषध दिलं तर त्यांची कमाल आयुर्मर्यादा वाढते. माद्यांत १४ टक्के, नरांत ९ टक्के.

हे कसं होत असेल? पेशीत एक मुकादम असतो, त्याचं नाव एमटॉर. घरात पैसा येतोय तोवर हा मजल्यावर मजला चढवत राहतो. आवक थांबली की बांधकाम बंद, मग जुन्या भिंतींची डागडुजी, मोडकं सामान फोडून त्याच विटा पुन्हा वापरणं. पेशीच्या या भंगार-वापराची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. रॅपामायसिन मुकादमाला सांगतं, आवक थांबली. खरं तर थांबलेली नसते.

उपाशी राहिलं की हेच फुकटात होतं, असं इथे कुणीतरी म्हणणारच. तत्त्वतः हो. पण आपला उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. मुकादमाला त्या दिवशी सुट्टी नव्हे, ओव्हरटाइम असतो. संध्याकाळी साडेसातला जेवून सकाळपर्यंत तोंड बंद ठेवणं हा माझ्या मते जास्त प्रामाणिक उपास आहे. आणि हो, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासाचे प्रयोग करू नयेत. साखर धाडकन खाली येते.

रॅपामायसिन गोळीसारखं खाऊन धट्टीकट्टी माणसं जास्त जगतात, असं अजून दिसलेलं नाही. तोंड येणं, जंतुसंसर्ग, रक्तातली चरबी आणि साखर वाढणं हे त्याचे ठाऊक असलेले त्रास. परदेशात काही हौशी लोक घेतात. त्यांनी उंदराच्या जागी स्वतःला बसवलंय.

याउलट माणसात खरोखर दिसलेली गोष्ट कोलेस्टेरॉलची आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. आपल्या यकृताच्या पेशींवर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पकडणारी ग्राहक प्रथिनं (रिसेप्टर) असतात. त्यांना घंटागाडी समजा. गाडी रक्तातला कचरा उचलते, पेशीच्या आत नेऊन टाकते आणि रिकामी होऊन पुन्हा गल्लीत येते. पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन मधेच येऊन कचऱ्याबरोबर गाडीच भंगारात काढतं. गाड्या कमी, कचरा जास्त. काही लोकांत मात्र जन्मतःच या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. बिघाड कसला, भाग्यच. अमेरिकेतल्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी २००६ साली अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांची आकडेवारी मांडली. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनीच कमी होतं, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी.

हा हिशोब जुळत नाही असं वाटतं ना? जुळतो, कारण त्यांचं कोलेस्टेरॉल पन्नाशीत गोळी घेऊन खाली आलेलं नव्हतं, ते जन्मापासून थोडं कमी होतं. थोडं, पण पन्नास वर्षं. चक्रवाढ व्याज आपल्याला बँकेत कळतं, धमनीत कळत नाही. सवयींचं वजन औषधाइतकं का असतं याचं याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

त्या भाग्यवंतांची नक्कल करणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन आता वापरात आहे. सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून दोनदाच, आणि एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ते २०२१ पासून मिळतं. त्याच्याही पुढे, यकृतातलं ते जनुक एकदाच कायमचं बंद करण्याचे प्रयोग २०२२ पासून माणसांवर सुरू आहेत. यशस्वी झाले तर खरंच युग बदलेल. तोवर कोलेस्टेरॉल उतरवणारी साधी स्टॅटिनची गोळी स्वस्त आहे आणि काही दशकं तपासून झालेली आहे. डॉक्टरांनी लिहून दिली की व्हॉट्सअॅपवरच्या काढ्यासाठी ती बंद करणारे आमच्या सोसायटीत तिघे आहेत.

रक्तदाबाची गोष्ट इतकी कंटाळवाणी, की त्यावर कुणी पॉडकास्ट काढत नाही. वर सांगितलेल्या आयुर्विज्ञान परिषदेच्या पाहणीत सुमारे ३५ टक्के प्रौढांचा रक्तदाब चढा निघाला. तो दुखत नाही, खुपत नाही, आणि पक्षाघात नि मूत्रपिंडाच्या आजाराला दार उघडून देतो. घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नको. मोजताना बोलायचं नाही. माझे काका मोजता मोजता भाऊबंदकीतल्या जमिनीचा विषय काढतात आणि मग आकडा बघून मशीनला नावं ठेवतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली लग्नाच्या पंगतीतही बोलणं निघतं. आपण जेवलो की आतडं जीएलपी-१ नावाचा निरोप सोडतं: पुरे आता. तो निरोप दोन-चार मिनिटांत विरतो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात तशाच पण टिकाऊ निरोपाचा शोध जॉन एंग यांनी १९९२ मध्ये लावला, आणि त्या वाटेवरचं पहिलं औषध २००५ साली आलं. आजचं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचलं की पुरतं. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या लठ्ठ लोकांत त्यानं हृदयाघात, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले. छोटी गोष्ट नाही. पण वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पुण्याच्या बाळांपासून सांगत आलो तसं, आपलं कोठार मुळात लहान. लग्नाच्या फोटोसाठी पाच किलो उतरवायला हे औषध घेणाऱ्याला मी हात जोडीन. ज्याला खरी गरज आहे त्यानं सोबत स्नायू राखायचे: रोज उसळ, पिठलं, दही, अंडी यांतलं काहीतरी पोटभर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं. डंबेल नसतील तर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं.

दीर्घायुष्याच्या बाकीच्या शोधांची हजेरी थोडक्यात. रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून 'खरं वय' सांगणारी घड्याळं स्टीव्ह होर्वाथ यांच्या २०१३ च्या कामातून लोकांपुढे आली. संशोधनाला उत्तम, पण दोन कंपन्या दोन वयं सांगतात आणि आकडा काहीही आला तरी सल्ला एकच मिळतो, चाला. शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या मदतीनं प्रौढ पेशीला पुन्हा कोरी करून दाखवलं, २०१२ चं नोबेल त्यावर मिळालं. अडचण ही, की पाटी फार पुसली तर पेशी आपण कोण हेच विसरते आणि गाठ होऊ शकते. तरुणांचा प्लाझ्मा टोचून घेण्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्येच इशारा दिलाय. याला पैसे देणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

आता एक तपासणी, जिला यंत्र लागत नाही. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांची ती निकालासह छापली. उभं राहायचं, आधार न घेता जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, ते पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण वरच्या गटाच्या पाचपट-सहापट निघालं. बसून उठल्यानं आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता एका फटक्यात दिसते, इतकंच. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजली गेली तेव्हाही असंच दिसलं: पकडीवरून मृत्यूचा अंदाज रक्तदाबापेक्षा जास्त चांगला बांधता आला. गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येत असेल तर हा खेळ एकट्यानं करू नका.

आपल्याकडे ही परीक्षा रोज तीनदा व्हायची, पंगतीत, देवापुढे आणि न्हाणीघरात. मग डायनिंग टेबल आलं, सोफा आला, कमोड आला. म्हाताऱ्यांची सोय झाली हे खरंच, पण तिशीतल्यांनीही ती घेतली.

चौदाव्या दिवशी चकती काढली. दंडावर गोल पांढरा ठसा आणि मधे लाल टिंब. त्याच संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मी ब्राझीलची परीक्षा दिली. बसताना एक हात, उठताना एक हात आणि एक गुडघा, शिवाय थोडा तोल. साडेसहा. आई स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर विळी घेऊन गवार निवडत, मोडत होती. वय अठ्ठ्याहत्तर. मी गुण कसे देतात ते सांगितलं. तिनं ऐकलं, विळी आडवी केली, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि ताटली घेऊन उठली.

"किती झाले?"

"बसण्याचं बघायला हवं, उठण्याचे चार."

"एक कुठे गेला?"

"हात टेकलास गुडघ्यावर."

"ताटली होती रे दुसऱ्या हातात," ती म्हणाली आणि गवार ठेवून पुन्हा खाली बसायला आली.